ताण तोडायच्या रात्री

पहाटे साडेपाचला येणार.
म्हणजे तिकडे त्यांच्या गावात रात्रीचे बारा,
आणि इकडे शेंदूरजन्याच्या शिवारात
थ्री-फेजची आमची पाळी, बारा ते आठ.
इंद्रपाल म्हणाला, पाय बरं, कसं जुळलं!
जसं काई त्याइनं लाइनमनले इचारूनच तारीख काढली.

तेरा वर्षांनी.
मधे ड्रमवाला दोनदा बदलला,
कोर्टकचेरी झाली, फुटले, पुन्हा एक झाले.
आम्हाला सगळं सहा महिने उशिरा कळायचं,
सोयऱ्यातल्या भांडणासारखं,
तरी आम्ही बाजू घ्यायचो.
गिटारवाल्यावरून झाकीर आणि मी
अख्खा उन्हाळा बोललो नाही.

कॅसेट दिल्लीहून आली होती.
झाकीरचा मामा संत्रा टाकून परतला, तर
ट्रकच्या केबिनीत, सीटखाली. कव्हर नाही.
उलट्या बाजूला कोणीतरी भजन चढवलेलं,
पहिलं गाणं अर्ध्यातून सुरू.
मला ते आजही अर्ध्यातूनच पाठ आहे.
पुढे पूर्ण ऐकलं, तेव्हा सुरुवात
परक्याच्या घरातून उसनी आणल्यासारखी वाटली.

त्यात एक ओळ यायची: संत्र्याले वास नाई.
शाळेच्या रस्त्यानं चौघं ओरडत जायचो.
वीस वर्षांनी भाच्यानं फोनवर शब्द वाचून दाखवले.
बंदरावरच्या दिव्याचं काहीतरी होतं.
कोणी काही बोललं नाही.
मग इंद्रपाल: त्याइचंच चुकलं असंन.

प्रमिला उईकेनं टाकीवर बँडचं नाव लिहिलं
डांबरानं, एक अक्षर जास्तीचं.
हेडसरनं मार मला दिला,
अक्षर माझ्यासारखं वाकडं होतं म्हणून.
तीनदा चुना मारला टाकीला.
एप्रिल-मेमधे डांबर अजून वर येतं.

गाणारा आता एकाहत्तरचा.
दिवाळीत एकच गाणं सोडलं त्यांनी, चव म्हणून.
झाकीर ऐकून गप्प बसला.
इंद्रपाल मोटारी भरतो, त्याच्याच भाषेत बोलला:
बेरिंग गेलं बावा, वाइंडिंग शाबूत हाये.
मी ऐकलं नाही.
व्यापारी एक फळ फोडून बगीचा ठरवतात.
मी व्यापारी नाही.

चाळीस दिवस झाडांचं पाणी तोडलंय.
पानं मिटलेली, पिवळी पडत चाललेली.
रस्त्यानं जाणारा हळहळतो,
त्याला वाटतं, कोणी वाली नाही यांना.
आंबिया बहार असाच धरतात.
पण ताण किती द्यायचा
हे बापालाही कधी नक्की सांगता आलं नाही.
कमी पडला तर नुसता पाला,
जास्त झाला तर झाडच जातं.
तेरा वर्षं म्हणजे किती, कोणाला विचारू?

साडेचार. दांडातून पाणी तिसऱ्या ओळीला लागलं.
कोरड्या मातीनं आधी फसफस केली,
मग घेतलं.
झाकीरनं डबा-स्पीकर आणलाय, पोत्यात गुंडाळून,
आणि बायकोनं दिलेले मुरमुरे.
रेंज फक्त थारोळ्यावर, तीही
मध्यप्रदेशाकडे तोंड केलं तर.
मोटार असं बोंबलते की
चालू ठेवून काही ऐकू यायचं नाही,
आणि बंद केली तर खालच्या चार ओळी
परवाच्या पाळीवर जातात.
हे तिघांनाही माहीत आहे.
तिघंही मुरमुरे खातोय.

पाच एकतीस. पडद्यावर गोल फिरतंय.
पाच तेहतीस. फिरतंय.
प्रमिलाचा मेसेज, मुलताईहून:
इथं लागलं. ऐकू का मी?
चिखलाच्या बोटानं लिहिलं, थांब.

दोन निळ्या खुणा.
मग तिचं काही आलं नाही.

इंद्रपाल उठला,
चप्पल न घालताच मोटारघरात गेला.
खटका पडला.
पाइपात उरलेलं पाणी तेवढं
थोडा वेळ पडत राहिलं.